उजवी पाकळी, डावी पाकळी

दाढी करता करता मी गुणगुणलो आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

गुणगुणणं हा काही गुन्हा नाही. पण माझी बायको सीता चैत्रात विषमज्वराने गेली होती, आणि ही आषाढातली सकाळ. पडवीत खुंटीला आरसा टांगलेला, गालाला साबणाचा फेस, आणि माझ्या तोंडातून भीमपलास! बरं, भीमपलास हा दुपारचा राग. म्हणजे नको तेव्हा गुणगुणलो ते गुणगुणलो, वर रागही अवेळचा. आत चुलीपाशी माझी थोरली बहीण आक्का होती. तिच्या हातातल्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मी वस्तरा गालावर धरून तसाच उभा. मग भांडी पुन्हा वाजू लागली, आणि जरा जास्तच जोरात वाजू लागली.

मी गुरुदास. आचऱ्याच्या अलीकडच्या वाडीत राहतो, मराठी शाळेत मास्तर आहे आणि वाडीच्या भजनात पेटी वाजवतो. वाजवत होतो म्हणायला हवं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सणवार नाही, गोडधोड नाही आणि गाणंबजावणं तर नाहीच नाही. तेराव्या दिवशी आक्काने माझी पेटी सीताच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि शिडी लावून माळ्यावर ठेवली. "वर्स म्हणजे वर्स," ती म्हणाली. मी हं म्हटलं. तेव्हा मला पेटी काय, स्वतःचे हातपायसुद्धा नकोसे झाले होते.

पण मन मेलं कसलं बेइमान असतं पाहा! आषाढ लागला आणि सकाळची ऊन ऊन पेज, वर कैरीचं लोणचं, हे मला पुन्हा आवडायला लागलं. शाळेत पोरं ओल्या डोक्यांनी पाढे ओरडू लागली की बरं वाटायला लागलं. माझा मित्र दत्ताराम शिंपी, त्याच्या दुकानात गवती चहा प्यालो आणि चांगला झालाय असं मोठ्याने बोलून बसलो. बोललो आणि जीभ चावली. सीता त्या तिथे मसणवटीत आणि मी इथे चहाची तारीफ करतोय! मग वाटायचं, तोंड पाडून बसतो ते खरं की गुणगुणतो ते खरं? तोंड पाडून बसलो की आपण ढोंग करतोय असं वाटे, आणि गुणगुणलो की आपण नालायक आहोत असं. मधली वाट काही केल्या सापडेना. मी सातवीच्या पोरांना त्रैराशिक शिकवतो, पण हे गणित मला सुटत नव्हतं.

त्यात पेटीची गोष्ट आणखी अवघड. मी घरी वाजवायला बसलो की सीता समोर तांदूळ निवडायला बसायची आणि पाचव्या मिनिटाला झोपायची. सूप मांडीवर, मान एका बाजूला. मला याचा भारी राग यायचा. गावोगावचे बुवा माझ्या हाताची वाखाणणी करतात आणि घरची बाई घोरते! मी रागाने थांबलो की मात्र ती डोळे न उघडता म्हणायची, "थांबलात कित्याक?" मी चालू केलं की पुन्हा झोप. आता मला पेटी हवी होती, आणि समोर झोपणारं कोणी नव्हतं. म्हणजे मला पेटी हवी होती की सीता, हेही मला धड सांगता येईना.

माझे दोन मित्र. भाई हा आमच्या भजनाचा बुवा, वाण्याचं दुकान आहे त्याचं, आणि आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा, फक्त तो कुठल्या पट्टीत जाईल ते देवाला ठाऊक. दुसरा दत्ताराम, शिंपी, तो मृदंग वाजवतो. सीता गेल्यापासून हे दोघं रोज संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसत. माझं दुःख हलकं करायला म्हणून येत. पण भजनाशिवाय एकत्र कसं बसायचं हे आम्हा तिघांनाही कधी शिकायची वेळच आली नव्हती. भाई म्हणे, "पावस बरो आसा." दत्ताराम म्हणे, "बरो आसा." मग सगळे गप्प. थोड्या वेळाने दत्तारामची बोटं आपोआप गुडघ्यावर ठेका धरत, त्याच्या ध्यानात आलं की तो दचकून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. एवढा मोठा बाप्या स्वतःच्या हातांवर बसलेला! मला त्यांची दया यायची. कोण कोणाचं सांत्वन करतंय तेच समजत नसे, पण ते आले नाहीत तर संध्याकाळ अंगावर येई, हे मात्र खरं.

शेवटी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. दाढी, फेस, सगळं.

"भीमपलास?" दत्ताराम म्हणाला. "सकाळी?"

"अरे, ता सोड रे!" भाई त्याच्यावर खेकसला. मग माझ्याकडे वळला. "गुरुदासा, तुझा मन रमाक लागला तर बरा झाला मरे. सप्ताह इलो. आपल्या वाडयेची पाळी दोन दिसांर आसा. तू पेटयेर नसलंस तर माझा काय होतला, ता तुका ठावक आसा."

ठाऊक होतंच. आमच्या गावदेवाचा भजनी सप्ताह श्रावणात बसतो. सात दिवस देवळात भजन अखंड चालतं, क्षणभरही थांबता कामा नये, म्हणून एकेका वाडीला पाळी वाटून दिलेली असते. आमची पाळी पहिल्या दिवशी दुपारची. पेटीच्या सुराने भाईला धरून ठेवलं नाही तर तो अभंगाच्या पहिल्या ओळीला आचऱ्यात असतो आणि शेवटच्या ओळीला नांदगावात. खालच्या वाडीवाले हसायला टपलेलेच. पण मला भाईची काळजी नव्हती, हे कबूल करतो. मला वाजवायचं होतं. बोटं शिवशिवत होती, आणि त्या शिवशिवण्याची मला शरम वाटत होती.

आक्काला विचारलं. ती म्हणाली, "वर्साच्या आत पेटी? वर्स म्हणजे वर्स." एवढंच. पुढे बोलायची सोयच नाही.

आक्काबद्दल सांगायला हवं. मी सहा वर्षांचा असताना ती सतरा वर्षांची, नवरा वारला म्हणून माहेरी परत आली ती कायमची. आईनंतर घर तिनेच धरलं, मला तिनेच वाढवलं. हाताला कडक, बोलायला कमी. तिला गाताना मी ऐकलेली नाही. गणपतीत, चवथीला, वाडीतल्या साऱ्या बायका आमच्या पडवीत फुगड्या घालायला येतात, घर दणाणून सोडतात, तेव्हा आक्का मागल्या दारी नारळ खवत बसते. मला वाटायचं, तिला असल्या गोष्टींची आवडच नाही.

"देवाक इचारूया," भाईने तोड काढली. "कौल लावया. देवान हो म्हटल्यान तर आक्का काय बोलतली?"

आमच्याकडे अडलेली कामं अशीच सुटतात. लग्न जुळवायचं असो, विहीर खणायची असो, गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मला ते पटलं. माझ्या डोक्यातला गुंता देवाने सोडवला तर मला हवाच होता.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी, सोमवारी, आम्ही देवळात गेलो. मी सुतकाच्या वर्षातला, म्हणून सभामंडपाच्या पायरीखाली छत्री धरून उभा राहिलो. भाई आणि दत्ताराम पहाटेच येऊन गेले होते, कारण श्रावणी सोमवारी आंघोळ करून गाभाऱ्यात देवावर पाणी घालायची पुरुषांना मुभा असते. दोघंही वेगवेगळे येऊन गेले, आणि दोघांचेही चेहरे असे की जणू माझं लग्न जमवून आलेत.

गंगाराम गुरवाने तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या, एक एका खांद्याला चिकटवली, दुसरी दुसऱ्या खांद्याला. मग हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ह्या जा तुझा लेकरू गुरुदास मास्तर, तेची बायल चैतात गेली..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका तुझ्या सप्त्यात पेटी वाजवची इच्छा झाली हा. ती तुका मान्य आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी. काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि आम्ही बघत राहिलो. एरवी पाकळ्या घटकाभरात पडतात. एक ओली पाकळी दगडावर किती वेळ राहणार? पण त्या राहिल्या. गंगारामने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या जागच्या जागी. त्याने पाणी शिंपडलं, समईची वात मोठी केली, माझ्या वतीने नारळ बोलला. पाकळ्या हलायलासुद्धा तयार नाहीत. भाई डोळे फाडून एका खांद्याकडे बघत होता आणि दत्ताराम दुसऱ्याकडे. दोघांच्या कपाळाला आठ्या. मला वाटलं, देवालासुद्धा माझ्यासारखंच झालंय, त्यालाही ठरवता येत नाही. खरं सांगतो, मला त्यात थोडं बरं वाटलं.

दुपार कलली तसा गंगाराम कंटाळून उठला. "देव आज गप आसा," तो म्हणाला. "माझ्या बापाशीच्या वेळारसुद्धा असा झाला नाय. आता तुमचा तुमी बगा." आणि तो जेवायला गेला.

आम्ही तिघे दत्तारामच्या दुकानात येऊन बसलो. शिवणयंत्राजवळ चहाचे पेले ठेवले, पण कोणी तोंडाला लावेना. दत्ताराम उगाच एका बटणाशी चाळा करत होता. शेवटी त्याच्याने राहवेना.

"गुरुदासा," तो म्हणाला, "माका माफ कर. मी पहाटे चीक लायलंय."

"कसलो चीक?"

"फणसाचो. बायलेन घागर सांधूक काठयेक गुंडाळून ठेवलेलो, तोच ऊन करून नेलंय. डाव्या खांद्याक लायलंय. म्हटला, डावी पडाकच नको. उजवी आपसूक पडात आणि तुझा काम होयत."

भाईने नेमका तेव्हाच घेतलेला घोट त्याच्या घशात अडकला. तो इतका खोकला की मी त्याच्या पाठीत दोन गुद्दे हाणले.

"मेल्या!" तो ओरडला. "मी पण लायलंय! डाव्याच खांद्याक!"

"दोघांनी डाव्याक लायल्यार उजवी पडाक व्हयी होती," मी म्हणालो. "ती कित्याक नाय पडली?"

मग दत्ताराम उठला. त्याने भाईला भिंतीशी उभा केला, "तू देव," असं म्हणाला, आणि स्वतः भाईच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. "मी हयसर लायलंय."

"आणि मी हयसर!" भाई देवाच्या जागेवरून हलला, दत्तारामला भिंतीशी लोटून समोर उभा राहिला आणि स्वतःच्या डाव्या हाताने त्याने समोरचा खांदा धरला. तो दत्तारामचा उजवा खांदा होता. भाईने स्वतःच्या डाव्या हाताला देवाचा डावा खांदा समजून चीक चोपडला होता. जळलं मेल्याचं तोंड! इतकी वर्षं देवळात भजन करतो, आणि देव आपल्याकडे तोंड करून बसलाय एवढं त्याच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मी हसलो. मला आवरेना. शिवणयंत्रावर डोकं टेकून हसलो, पोट धरून हसलो. भाई आधी चिडला आणि मग तोही हसायला लागला. आणि हसता हसता कधी ते रडणं झालं ते मला समजलंच नाही. चैत्रात मी असा रडलो नव्हतो. दोघे माझ्या दोन बाजूंना बसून राहिले. कोणी पावसाचं बोललं नाही. दत्तारामने कोणाच्या तरी कोटाच्या अस्तराचा तुकडा माझ्या हातात दिला आणि मी त्याला नाक पुसलं.

घरी आलो तेव्हा आक्का विळीवर अळू चिरत होती. मला कुठेतरी सांगायचंच होतं, म्हणून मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. चीक, डावा खांदा, भाई देव झाला ते. सांगताना पुन्हा हसू फुटलं. आक्का हसली नाही. तिने विळीचं पातं मिटलं.

"तुझ्यासाठी दोगांनी देवाक चीक लायल्यानी," ती म्हणाली.

"व्हय. येडे आसत ते."

"येडे नाय." तिचा आवाज भलताच निघाला. "माझो घोव गेलो त्या वर्साच्या चवथीक पडवीत फुगडी चलली होती. पाय राहवना नाय, म्हणून मी उठलंय. आयेन हात धरून खाली बसयल्यान. म्हणाली, एक वर्स गो बाये, एक वर्सच बस. मी बसलंय." तिने अळवाची पानं बाजूला सारली. "वर्स संपला ता माका कोणी सांगल्यानीच नाय, गुरुदासा. आये पण इसारली. मी आजून बसलंय."

मी उठलो आणि काय करावं ते न कळून माळ्याची शिडी धरली.

"थंय नाय पेटी," आक्का म्हणाली. "पावसात माळ्यार सूर कुजतत."

पेटी चुलीमागच्या फळीवर होती, उबेला. सीताचं लुगडं तेच, पण घडी ताजी. वर धुळीचा कण नाही. म्हणजे ही बाई आषाढभर माझी पेटी उघडून, पुसून, ऊब देऊन पुन्हा गुंडाळत होती, आणि मला तोंडावर सांगत होती, वर्स म्हणजे वर्स.

"आक्का, तुका नको होती तर ह्या कित्याक केलंस?"

"नको कोण म्हणता? तुझा वर्स मी मोजतंय," ती म्हणाली, जमिनीकडे बघत. "चैतात तुका हाक मारून सांगणार होतंय, ऊठ, वर्स संपला. कोणीतरी मोजूक व्हया मरे."

इतके दिवस मी माझाच गुंता सोडवत बसलो होतो, गुणगुणू की नको, हसू की नको, आणि चुलीपाशी ही बाई कोणीतरी हाक मारील म्हणून बसलेली. मला तिचा राग आला, आईचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. मी पेटी उचलली, माजघरात आणली, लुगडं सोडून घडी करून समोर ठेवलं, जिथे सीता बसायची तिथे. भाता उघडला. सूर एकदम स्वच्छ निघाला. भीमपलास नाही, भजन नाही. मी फुगडीची चाल धरली, आमच्या पडवीत दर चवथीला बायका घेतात ती.

"येडो की काय तू!" आक्का ओरडली. "लोक काय म्हणतले? बंद कर आधी!"

मी बंद केलं नाही. बंद केलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, थांबलात कित्याक.

"आक्का," मी वाजवत वाजवत म्हणालो, "वर्स संपला."

"कोणाचा?"

"तुझा गो. तुझा वर्स संपला. ऊठ."

दुसऱ्या दिवशी सप्ताहात मी पेटीवर बसलो, देव गप्पच होता, आणि भाई शेवटपर्यंत आचऱ्यातच राहिला. खालच्या वाडीवाले जे बोलायचं ते बोलले. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी आक्का बराच वेळ तशीच बसली होती. मग ती उठली आणि तिने पुढचं दार लावून घेतलं. मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर धावून येणार. मी मान खाली घालून वाजवत राहिलो.

मागे सारवलेल्या जमिनीवर पावलं वाजली. आधी एक, मग थांबली. मग दोन. फेराची पावलं होती ती, जड आणि चुकतमाकत. मी वळून बघितलं नाही. बाहेर अंगणात दोन छत्र्या मिटल्याचा आवाज आला. संध्याकाळची वेळ झाली होती, भाई आणि दत्ताराम नेहमीसारखे आले होते. दार बंद पाहून त्यांनी हाक मारली नाही. थोड्या वेळाने पडवीच्या खांबावर कोणीतरी बोटांनी अगदी हलका ठेका धरला. दत्तारामचे हात शेवटी मांडीखालून निघाले होते.

मग आक्काने तोंड उघडलं. गळा इतक्या वर्षांचा गंजलेला, शब्द अर्धे विसरलेले, आणि पट्टी माझ्या पट्टीपासून कुठल्या कुठे. मी माझी पट्टी सोडली आणि तिची शोधायला लागलो. पेटीवरच्या काळी दोनच्या जरा खाली होती ती. सापडली तशी धरून ठेवली.